पाटीवरच्या पंडिता रमाबाई

आपल्या डाळजात रस्त्याला माणसाचे नाव देण्याची रीत नाही. रस्ता जिकडे जातो तेच त्याचे नाव. भिगवणचा रस्ता, नदीकडची वाट, शाळेची वाट, एवढे म्हटले की काम भागते. खुद्द गावालाच जिथे एक, दोन, तीन असे नंबर आहेत, तिथे रस्त्यांचे काय घेऊन बसायचे! शहरात मात्र गल्लीच्या तोंडाशी पाटी असते आणि पाटीवर कोणा ना कोणाचे नाव. लोक ते टॅक्सीवाल्याला सांगतात, पाकिटावर लिहितात. पण ती व्यक्ती कोण होती असे विचारले, तर आपल्याच तोंडाकडे पाहू लागतात.

मुंबईस गावदेवीला माझी एक भाची राहते. नाना चौकातून ह्यूजेस रोडकडे जाणाऱ्या तिथल्या रस्त्याचे नाव आहे पंडिता रमाबाई मार्ग. भाचीच्या मुलीने एकदा मला विचारले, या रमाबाई म्हणजे रानड्यांच्या की आंबेडकरांच्या? प्रश्न काही वावगा नव्हता. रमाबाई रानडे मोठ्या, माता रमाबाई आंबेडकरही मोठ्या, आणि पेशवाईतल्या माधवरावांच्या रमाबाई तर आपण कादंबरीत वाचलेल्या. पाटीवरच्या रमाबाई या तिघींपैकी कोणी नव्हेत. त्यांच्या नावामागे नवऱ्याचे किंवा घराण्याचे नाव लावावेच लागत नाही. पंडिता हीच त्यांची ओळख. आणि गंमत अशी की, या बाई एका अर्थी आपल्या वाटेवरच्या आहेत. भिगवणहून पुण्याच्या गाडीत बसले की दौंड मागे पडल्यावर केडगाव लागते. तिथे त्यांचे मुक्ती मिशन आहे. आपल्यापैकी कितीतरी जणी त्या स्टेशनावरून वर्षानुवर्षे गेल्या असतील.

मग केडगावच्या बाईंचे नाव मुंबईच्या गावदेवीत का? या एका प्रश्नापायी मी जे जुने वाचत गेले, विचारत गेले, ते आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी भगिनींपुढे ठेवते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या अरण्यातला. अरण्यात ब्राह्मणाचे घर कुठून आले, तर त्याची हकिकत अशी. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्यार्थिदशेत पुण्यास होते. त्यांचे गुरू पेशव्यांच्या वाड्यात राणीसाहेबांना संस्कृत शिकवीत. बायकांनाही संस्कृत येते, हे या तरुणाने तिथे पाहिले आणि त्याने मनाशी गाठ बांधली. पुढे आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, ते शिकवू लागले. त्यावरून शास्त्रीमंडळींत गहजब झाला, उडुपीला धर्मपंडितांपुढे त्यांना जाब द्यावा लागला. त्यांनी शास्त्राधारे आपली बाजू मांडली. पुढे ते रानात जाऊन राहिले आणि तिथेच त्यांनी आपली पाठशाळा मांडली.

पण आल्यागेल्याचा पाहुणचार करता करता घरचे होते नव्हते ते सरले आणि कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. रमा तेव्हा अवघी सहा महिन्यांची. तिला वेताच्या पेटीत घालून गड्याच्या डोक्यावरून नेले. असा तिचा प्रवास सुरू झाला तो पुढे वीस-बावीस वर्षे संपला नाही. देवळात पुराण सांगायचे, जी दक्षिणा मिळेल ती घ्यायची, त्यातलीही दानधर्मात घालवायची, पुढच्या गावाला चालू लागायचे. अनंतशास्त्री थकले, तेव्हा मुलीला शिकवायचे काम आईने हाती घेतले. दिवसा स्वयंपाकपाणी आणि वाटचाल. म्हणून पहाटे अंधारात ती लेकीला जागी करी आणि मांडीवर घेऊन श्लोक म्हणवून घेई. भागवताचे हजारो श्लोक रमेने असे पाठ केले. आपल्याकडे जात्यावर बसून मुलींनी आईच्या तोंडून ओव्या शिकाव्यात, तसेच हे. फक्त इथे संस्कृत होते. मला या सगळ्या चरित्रात ही लक्ष्मीबाई फार मोठी वाटते. तिच्या नावाचा रस्ता कुठे असल्याचे ऐकिवात नाही.

त्यानंतर आला दुष्काळ. १८७० च्या पुढच्या त्या वर्षांत दक्षिणेत अन्नान्नदशा झाली. पुराण ऐकायला माणूस उरला नाही, दक्षिणा कोण देणार? शास्त्र्याच्या घराला मोलमजुरी करण्याची सवय नव्हती आणि भीक मागण्याची लाज होती. आधी वडील गेले, थोड्याच आठवड्यांत आई गेली, मग थोरली बहीण कृष्णाबाई. आईला खांदा द्यायला माणसे पुरेनात. कसेबसे दोन ब्राह्मण तयार झाले, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथी रमा. ती ठेंगणी; तिरडी खांद्यावर घेतली तर तोल जाईना का, म्हणून तिने आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला आणि मैलोगणती ती तशी चालली. मुलीने आईला स्मशानात पोचवायचे, ही गोष्ट आजही आपल्या गावात सहजासहजी होत नाही.

हा दुष्काळ नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचे केडगाव त्यातूनच उभे राहिले आहे. आपल्या इंदापूर तालुक्याच्या बायकांना दुष्काळ म्हणजे काय हे पुस्तकातून समजावून घ्यावे लागत नाही. १९७२ साली खडी फोडायला, नालाबांधावर माती टाकायला गेलेल्या, सुकडी आणि मिलोवर दिवस काढलेल्या भगिनी आपल्या मंडळातही आहेत. पण आमच्या वेळी निदान रोजगार हमीचे काम तरी होते. त्या पोरीला तेही नव्हते.

भाऊ-बहीण पायी चालत, उपाशी राहत, काश्मीरपर्यंत फिरून १८७८ साली कलकत्त्यास पोचले. तिथे एकाएकी दैव फिरले. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृत बोलते, याचे विद्वानांना नवल वाटले. त्यांनी तिची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पाटीवरचा पंडिता हा शब्द तो हाच. व्याख्याने होऊ लागली, मान मिळू लागला. केशवचंद्र सेनांनी वेदांची प्रत हाती दिली. तोवर वेद वाचणे बाईला वर्ज्य, असे तिच्याही मनावर ठसलेले होते.

१८८० साली भाऊ वारला. त्याच साली रमाबाईंनी सिल्चरला वकिली करणारे बिपिन बिहारी दास मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात निराळी, प्रांत निराळा, आणि विवाह कचेरीत. दोन्हीकडच्या लोकांनी पाठ फिरवली, पण संसार सुखाचा झाला. एप्रिल १८८१ मध्ये मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. मूल दहा महिन्यांचेही नव्हते, तोच ४ फेब्रुवारी १८८२ रोजी बिपिनबाबू पटकीने गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षी आई, बाप, भाऊ, बहीण, नवरा कोणी नाही, पदरात तान्ही मुलगी, आणि कपाळी वैधव्य.

अशा वेळी बहुतेक बाया कोपऱ्यात बसत. म्हणजे त्यांना बसवीत. रमाबाई मुलीला घेऊन पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे, भांडारकर अशा मंडळींनी त्यांचे स्वागत केले. त्याच १८८२ साली त्यांनी आर्य महिला समाज काढला. आठवड्याला बायकांनी एकत्र बसावे, काही ऐकावे, वाचावे, बोलावे असा तो उपक्रम. रानड्यांच्या रमाबाई तिथे जाऊ लागल्या, म्हणून सासरच्या बायकांनी त्यांना काय काय ऐकवले हे त्यांच्या आठवणींत आहे. आपण आज हॉलच्या गुरुवारच्या वेळेवरून वाद घालतो. बायकांनी नुसते एकत्र बसणे हाच गुन्हा होता, असे ते दिवस. आपल्या मंडळाची पणजी शोधायची झाली तर ती इथे सापडेल.

त्याच वर्षी सरकारचे हंटर कमिशन पुण्यास आले, तेव्हा मुलींच्या शाळांना बाई शिक्षिका हव्यात आणि बायकांना बाई डॉक्टर हव्यात, हे रमाबाईंनी कमिशनपुढे ठासून सांगितले. स्वतः डॉक्टर व्हावे म्हणून त्या १८८३ साली विलायतेस निघाल्या. प्रवासखर्चासाठी स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहून विकले. पण कानाने कमी ऐकू येऊ लागले आणि वैद्यकीचा विचार सोडावा लागला. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्यांनी संस्कृत शिकवले आणि स्वतः इंग्रजी शास्त्रांचे शिक्षण घेतले.

इंग्लंडातच, सप्टेंबर १८८३ मध्ये, त्यांनी आणि मनोरमेने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. इथे आपल्यातल्या काही जणींना थबकायला होईल, हे मला ठाऊक आहे. त्या वेळी सारा महाराष्ट्र थबकला होता. ज्यांनी डोक्यावर घेतले होते त्यांनाच तो आपला पराभव वाटला. मी माळकरी घरातली आहे, दरवर्षी वारीच्या वाटेवर डोके ठेवणारी. तरी मला असे वाटते की ज्या बाईने सगळी तीर्थे पायाखाली घातली, सगळी पुराणे पाठ केली आणि त्या सगळ्यांच्या देखत आईबाप उपाशी मेलेले पाहिले, तिने काय मानावे हे दुसऱ्या कोणी ठरवू नये. त्यांनी मिशनऱ्यांचेही निमूट ऐकले असे नाही. धर्मातल्या गोष्टींवर त्या विलायतेतल्या धर्मगुरूंशी पत्रापत्रीने वाद घालीत राहिल्या.

१८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या, ते आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर होताना पाहण्यासाठी. तो दिवस ११ मार्चचा. हा ११ मार्च आणखी दोनदा यायचा आहे. आनंदीबाई परत आल्या आणि लवकरच गेल्या. रमाबाई तिथेच तीन वर्षे राहून गावोगाव व्याख्याने देत फिरल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, ते १८८७ साली निघाले आणि हातोहात खपले. बोस्टनला त्यांच्या नावाची मंडळी स्थापन झाली आणि विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे खर्च द्यायचे तिने कबूल केले. अट एकच: शाळेत कोणाच्या धर्मात ढवळाढवळ करायची नाही. ही अट रमाबाईंनीही मान्य केली होती.

आता गावदेवीचा उलगडा होतो. अमेरिकेहून परतताच ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन उघडले. काशीबाई कानिटकर समारंभाच्या अध्यक्ष होत्या. बाईच्या शाळेला बाई अध्यक्ष, हेही त्या काळी नवेच. चौपाटी म्हणजे गावदेवीच्या अगदी पायथ्याशी. ज्या भागात तिने आपल्या देशातली पहिली चूल मांडली, त्याच भागात तिच्या नावाची पाटी आहे.

पहिल्या दिवशी विद्यार्थिनी किती? दोन. त्यांतली एक देवरुखच्या जोशांची गोदू. आठव्या वर्षी लग्न आणि तीन महिन्यांत वैधव्य. नवऱ्याचा चेहरा आठवत नाही, पण त्याच्या नावाने केस गेलेले. सासरी शेणगोठा, दळणकांडण करण्यात तिची वर्षे गेली होती. भावाने तिला मुंबईस आणून सदनात घातले. तिथे तिने केस वाढवले, अक्षर गिरवले, चारचौघींत बसून हसू लागली. पुढे सदन पुण्यास आले. गोदूचे भाऊ आणि धोंडो केशव कर्वे हे मित्र; कर्व्यांची पहिली पत्नी वारलेली. ११ मार्च १८९३ रोजी या गोदूबाईंचा कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई, सगळ्यांच्या बाया कर्वे झाल्या. कर्व्यांना मुरुडला वाळीत टाकले. पुढे त्यांनी विधवांचा आश्रम काढला, तो हिंगण्यास गेला, त्यातून मुलींच्या शाळा आणि महिला विद्यापीठ झाले. पुण्याला जाणाऱ्या आपल्या लेकीबाळी ज्या कर्वे रोडने जातात, तो त्याच कर्व्यांच्या नावाचा. आपण ८ मार्चला महिलादिनाचे हळदीकुंकू करतो. मला वाटते, एखाद्या वर्षी तीन दिवस पुढे ढकलून ११ मार्चला करायला हरकत नाही. मंडळाच्या चिटणीस बाईंनी विचार करावा.

त्याच १८९३ साली शारदासदनावर वादळ आले. सदनात ख्रिस्ती धर्म शिकवीत नव्हते, मुलींचे सोवळेओवळे, सणवार त्यांच्या मनाप्रमाणे चालत. पण रमाबाई स्वतःची प्रार्थना दार उघडे ठेवून करीत, आणि माया लावणाऱ्या बाईजवळ मुली येऊन बसत. काहींचे मन तिकडे वळले. केसरीने कडाडून टीका केली. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेले. कोण बरोबर, कोण चूक हे आज एवढ्या वर्षांनी सांगणे सोपे नाही. ज्यांनी विश्वासाने मुलगी ठेवली, त्या आईबापांची धास्तीही खोटी म्हणवत नाही. पण मला त्या वीस-पंचवीस मुलींचेच राहून राहून वाटते. वाद मोठ्यांचा झाला. परत अंधाऱ्या माजघरात गेल्या त्या या पोरी. त्यांना कोणी विचारले असेल का?

ते घर त्या दिवसापासून बदलले. समाज दुरावला, पण रमाबाईंनी काम सोडले नाही. बोस्टनची मदत दहा वर्षांचीच, हे ध्यानात ठेवून त्यांनी केडगावला शंभरेक एकर जमीन घेतली आणि फळझाडे लावली, की पुढे उत्पन्न यावे. एवढ्यात १८९६ चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतात माणसे रस्त्याच्या कडेला मरत आहेत, अनाथ मुली वाटेल त्याच्या हाती लागत आहेत, असे कानावर आले. रमाबाईंना आपली वीस वर्षांपूर्वीची उपासमार आठवली आणि त्या उठून गेल्या. मुलींना गोळा करून घेऊन आल्या त्या एकदोन नव्हे, सुमारे तीनशे. पुण्यात त्याच वेळी प्लेग. सरकार इतक्या मुली शहरात ठेवू देईना, म्हणून सगळ्यांना केडगावच्या मोकळ्या रानात नेले. आधी तंबू आणि गवती छपरे, मग विहिरी, मग घरे. प्लेगच्या इस्पितळात बायकांची कशी हेळसांड होते, हे त्यांनी वर्तमानपत्रात उघडपणे लिहिले. ख्रिस्ती झाली म्हणून सरकारची मिंधी झाली नाही, हे यावरून दिसते.

१९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर केडगावातल्या बायका-मुलींची संख्या एकोणीसशेपर्यंत गेली. एकोणीसशे माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक! आपल्याला सप्ताहाच्या महाप्रसादाला आठ दिवस आधीपासून घोर लागतो. तिथे रोजचा महाप्रसाद. आणि नुसते जेवू घालून ठेवले नाही. शेती, गाईगुरे, हातमाग, तेलघाणा, शिवण, छापखाना, सगळी कामे बायकाच करीत. शारदासदनात मुख्यतः वरच्या जातींच्या विधवा होत्या. केडगावात सगळ्या जातींच्या, आंधळ्या, म्हाताऱ्या, घरातून काढून दिलेल्या अशा सर्व जणी एका छपराखाली आल्या. मनोरमा अमेरिकेतून आंधळ्यांची ब्रेल लिपी शिकून आली आणि आंधळ्या मुली बोटांनी वाचू लागल्या.

उतारवयात रमाबाईंनी बायबलाचे मराठी भाषांतर हाती घेतले. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. कलकत्त्याच्या शास्त्र्यांना थक्क करणारी ही संस्कृत पंडिता. पण भाषांतर करताना तिचा कटाक्ष असा की, संस्कृत शब्दांचे ओझे नको, खेड्यातल्या बाईला वाचून कळले पाहिजे. खिळे जुळवणे, छापणे, बांधणे हे सारे केडगावच्या बायकांनी केले. ज्या पोरींना दुष्काळातून उचलून आणले होते, त्यांतल्याही काही जणी त्या छापखान्यात काम करीत.

सरकारने १९१९ साली त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. भारताच्या टपाल खात्याने १९८९ साली त्यांचे तिकीट काढले. मधल्या काळात आपल्या लोकांनी त्यांचे नाव फारसे घेतले नाही. शाळेच्या पुस्तकात धडा असे, तर तो आर्य महिला समाजापर्यंत येऊन थांबे, निदान मी शिकले तेव्हा तरी.

शेवटची वर्षे कष्टाची गेली. ऐकू येणे जवळजवळ बंद झालेले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली, अवघ्या चाळिसाव्या वर्षी. तान्ही असताना जिला उचलून एकटी पुण्यास आली, संस्थेचा सगळा भार जिच्यावर सोपवायचा होता, तीच आधी गेली. रमाबाई भाषांतराची पाने तपासत राहिल्या. ते काम उरकले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी झोपेतच त्यांचा देह पडला. केडगावलाच त्यांना माती दिली. पुस्तक छापून पुरे झाले ते त्यानंतर, १९२४ साली, त्याच छापखान्यात, त्याच बायकांच्या हातून.